दादाचा हिरवा

कोपऱ्यावर वळले, नेहमीसारखी मान वर केली. कारखान्याच्या धुराड्यातून धूर नव्हता. पाय तिथल्या तिथे थबकले, मागून येणारा सायकलवाला "ओ बाई, झोपलात काय!" म्हणून ओरडत माझ्या कोपराला घासून गेला, आणि मग आठवलं. अगं वेडे, जुनी भट्टी विझवून आठवडा झाला, धूर येणार कुठून? पण मानेला कोण सांगणार! इतकी वर्षं या वळणावर ती आपोआप वर जाते. धूर काळा असला की दादाने नुकतं तेल वाढवलंय, पांढुरका असला की आच स्थिरावून भट्टी मुरायला लागलीय, आणि दाट पिवळट धूर रस्त्यावर उतरायला लागला की समजायचं, दादा हवा कोंडून कपांना रंग चढवतोय. आज तिथे नुसतं मोकळं आकाश होतं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला इस्त्री उभी करून म्हणाला, "बंद पडला म्हणे तुमचा कारखाना?" "बंद? छे हो! आज नवी भट्टी उघडायचीय!" मी इतक्या मोठ्याने म्हणाले की शर्ट घ्यायला आलेला माणूस वळून बघायला लागला. छातीत नुसती धडधड चालली होती, आणि ती घाबरल्याची नव्हती. परीक्षेचा निकाल लागायच्या सकाळी व्हायची ना, तसली. चाळिशी उलटलेल्या बाईला ती शोभत नव्हती, म्हणून मी ओढणी सारखी करायचं निमित्त करत भराभर चालायला लागले.

आम्ही कप करतो. हॉटेलांचे. जाड काठाचे, हातात धरले की ऊब बराच वेळ टिकणारे, आणि हिरवे. हिरवे म्हणजे पानाचा हिरवा नव्हे, पोपटी तर मुळीच नव्हे. खोल पाण्यात सावली पडली की जो दिसतो, तो. झिलई मी कालवायची, कप त्यात मी बुडवायचे, भट्टी मी भरायची, पण रंग भट्टीच्या धुरातून यायचा, आणि धूर दादाच्या हातात. म्हणून सगळे त्याला दादाचा हिरवा म्हणायचे. दादा माझा एकटीचा सख्खा भाऊ, पण कारखान्यात तो सगळ्यांचाच दादा. मग सरकारने तेलावर, कोळशावर, गॅसवर, जळून धूर होतो त्या सगळ्यावर कार्बन कर बसवला. आमच्यात त्याला त्या नावाने कुणी हाक मारली नाही. घरपट्टी असते, पाणीपट्टी असते, तशी ही धूरपट्टी. "आता श्वासपट्टी तेवढी राहिली," असं साचेवाला म्हणाला तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. कर दरवर्षी एकेक पायरी चढत गेला तसं हसणं आटलं. शेजारचा कौलांचा कारखाना बंद पडला. तिथला भट्टीवाला दादाचा जिवलग मित्र. तो आता एका मोठ्या दुकानाच्या दारात गणवेश घालून लोकांच्या पिशव्या तपासतो, आणि दादा त्या दुकानाच्या फुटपाथने जात नाही, पलीकडून जातो. आणि तरी, कर चुकीचाच होता असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. कौलांचा कारखाना बंद झाल्यावर बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरींवर काळे ठिपके पडायचे कमी झाले, वहिनीचा सकाळचा खोकला गेला. पांढरी चादर बघून बरं वाटायचं आणि बरं वाटलं म्हणून ओशाळायला व्हायचं. कुणाला सांगायची सोय नव्हती.

कपाचा भाव वाढवला तर हॉटेलांसाठी कप घेणाऱ्या खरेदीवाल्या मॅडम म्हणणार, जिथे ही धूरपट्टीच नाही तिथून कप मागवते. न वाढवला तर पगार कुठून निघणार? आमच्या मालकीणबाईंना अजून सगळे छोट्या बाईच म्हणतात, केस पिकले तरी. त्यांनी एक दिवस सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि खोक्यावर उभ्या राहून सांगितलं, "विजेची भट्टी चाचणीवर आणतेय. पहिल्या भरणातून आपला हिरवा आला आणि मॅडमनी पसंत केला, तर काम राहील, आपण सगळे राहू. नाही आला, तर दार लावायचं." मग खाली उतरताना, खोक्याकडे बघत म्हणाल्या, "फक्त... विजेच्या भट्टीला भट्टीवाला लागत नाही." सगळे जमिनीकडे बघायला लागले. "बरोबर आहे," दादा म्हणाला. एवढंच. मला तेव्हा हिशोब कळला. रंग जमला तर एकटा दादा जाणार, नाही जमला तर सगळेच जाणार. आणि धुराशिवाय तो रंग आणायचा कुणी? झिलईवालीने. म्हणजे मी.

सुरुवातीला रडतच कामाला लागले. खोटं कशाला बोलू, रडणं फार दिवस टिकलं नाही. झिलईत काय बदललं तर काय होतं, हे मी जन्मात कधी बघितलंच नव्हतं. वर्षानुवर्षं तीच बादली, तेच माप, आणि पुढचं सगळं दादा बघून घेईल. आता पुढे कुणीच नव्हतं. मी नवीन भुकट्या मागवल्या, चिमूटभर हे, चमचाभर ते, छोट्या चाचणीच्या भट्टीत अंगठ्याएवढे तुकडे भाजायला लागले. पहिल्यांदा आला तपकिरी, मग शेवाळी, मग एकदा असा काही भयंकर पोपटी आला की साचेवाला म्हणाला, "हे हॉटेलवाल्यांना नको, पोपटवाल्यांना दाखव." घरी भाजी चिरताना मला मापं सुचायची. बसमध्ये बायकांच्या साड्यांचे हिरवे न्याहाळायची, एक बाई तर चिडून जागा बदलून गेली. कशाने तरी अंगात वारं शिरलं होतं. एका दुपारी तुकडा बाहेर काढला आणि तो जवळजवळ तोच होता, जवळजवळ! मी तो गरम तुकडा फडक्यात धरून धावत सुटले, अर्थातच दादाकडे, दुसऱ्या कुणाकडे धावायची मला सवयच नाही, आणि अर्ध्या अंगणात लक्षात आलं, मी त्याला काय दाखवायला चाललेय. पाय वळेनात आणि पुढेही जाईनात. त्यानेच हात पुढे केला. तुकडा उन्हात धरून बराच वेळ फिरवला. "पिवळट आहे, बारके," म्हणाला. "जरा निळ्याकडे ने." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आता कडेला बघ, कडेला माझा जरा फिका पडतो. तुझा पडत नाही." रोज असं. स्वतःच्या खालची खुर्ची ओढून घ्यायला तो मला रोज शिकवत होता, आणि मी इतकी रंगून गेले होते की रोज शिकत होते.

लहानपणी आईने डबा द्यायला पाठवलं की मी भट्टीशी रेंगाळायची. दादा तेव्हा नुकता कामाला लागला होता, मिसरूडही धड फुटलं नव्हतं. भट्टीच्या भिंतीत एक वीट सुटी असते, ती काढली की आत बघता येतं. तिला डोळा म्हणतात. त्याने मला कडेवर उचलून डोळ्याशी धरलं होतं. "डोळे बारीक कर, आणि श्वास धर." आत कप दिसत होते, पण कप नव्हतेच ते, उजेडाचे बनलेले काहीतरी होते, आणि त्यांच्यामधून आग सरकत होती, सावकाश, ओळखीचं माणूस घरात फिरावं तशी. मी श्वास इतका धरला की घेरीच आली. दादाला आईच्या शिव्या बसल्या. मला त्या दिवशी जे झालं होतं तेच या काही महिन्यांत पुन्हा होत होतं, फरक एवढाच की या वेळी कडेवर कुणी घेतलेलं नव्हतं. हे वहिनीला कळत होतं. वहिनीला सगळंच कळतं. आज सकाळी मी चहाचा कप विसळताना गुणगुणत होते, तर ती कपाट लावता लावता म्हणाली, "वन्सं, जरा हळू. घरात दोन माणसं आहेत, दोघांना आज एकाच गोष्टीचा आनंद व्हायला हवा असं नाही." मी चूप झाले. मग तीच वळली, माझी ओढणी नीट केली आणि म्हणाली, "जमायला मात्र हवं हं. नाहीतर मुडदा पाडीन तुझा. एवढ्या लोकांची पोटं आहेत." दादा तोपर्यंत निघूनही गेला होता. विझलेल्या भट्टीकडे तो अजून वेळेआधी जातो.

कारखान्याच्या दारातून आत शिरले तर सगळे आधीच जमलेले. कामाला कुणीच हात लावला नव्हता. साचेवाला तिसऱ्यांदा तोच साचा पुसत होता. पोलादी पत्र्याची ती चौकोनी पेटी भिंतीशी उभी, कपाटासारखी, ना घरघर ना वास, आणि बंद दारावर हात ठेवला तर जेमतेम कोमट. मला ती आवडली होती, हेही कुणाला सांगायची सोय नव्हती. खरेदीवाल्या मॅडम वेळेवर आल्या, चपला काढू का म्हणून विचारलं, छोट्या बाई म्हणाल्या "अहो, नको नको." मॅडमनी पिशवीतून जुन्या भट्टीचा एक कप काढून टेबलावर ठेवला. नमुन्याचा. दादाचा. दादा स्वतः लांब होता, जुन्या भट्टीच्या पायरीवर, आमच्याकडे अर्धी पाठ करून. भट्टी कंपनीचा मेकॅनिक मात्र जोरात होता. तो भट्टी बसवून गेला होता आणि आज थेट उघडायलाच उगवला होता. मॅडमना तो समजावून सांगायला लागला, "जुन्या भट्टीत आगीचे लोळ कडेने उठायचे, कडेचा माल करपायचा. इथे तशी भानगड नाही. चारही भिंतींत तारा आहेत. भिंतीलगत पहिली उष्णता, तिथे माल एकदम फर्स्ट क्लास, आणि मग हळूहळू मध्यापर्यंत पोचते. मधे म्हणजे तशी सगळ्यात शेवटी..." पुढचं मला ऐकूच आलं नाही.

ढाल. मी ढाल लावली होती. जुनी भट्टी भरताना टवके उडालेले, तडकलेले, टाकाऊ कप आम्ही भिंतीलगत रचतो, म्हणजे आगीचा तडाखा त्यांनी खायचा आणि मधले चांगले कप सुखरूप राहायचे. त्याला ढाल म्हणतात. हे मला कुणी शिकवलेलं आठवतसुद्धा नाही, हातच ते करतात. आणि परवा मी ही नवी, निराळी भट्टी भरताना, ओसंडणाऱ्या आनंदात, गाणं म्हणत म्हणत, निवडून निवडून फुटके कप, त्याच नव्या झिलईत बुडवलेले, चारही भिंतींना लावले होते, आणि एकूण एक चांगला कप नेमका मधोमध ठेवला होता. जिथे ऊब सगळ्यात शेवटी जाते तिथे! इतके महिने भुकट्या चाळल्या, पोपटीपासून इथवर आले, आणि शेवटी भरताना माती खाल्ली. एवढ्या माणसांची कामं मी फडताळात बरण्या लावाव्यात इतक्या बिनघोर हातांनी कच्ची ठेवली होती. दार उघडलं की मॅडमना मधली रांगच दिसणार, आणि त्या म्हणणार, हा तुमचा रंग? मी तिथून निघाले, पळाले म्हटलं तरी चालेल, थेट पायरीशी. "दादा, मी ढाल लावली." त्याने वर बघितलं. "त्या भट्टीत?" "हो." "कडेला?" "मग कुठे लावतात? कडेलाच!" तो उठून उभा राहिला. मला वाटलं आता ओरडणार, आणि ओरडला असता तर फार बरं झालं असतं. त्याच्या डोळ्यांत भलतंच काहीतरी लुकलुकलं. त्याला हसू येत होतं. "मग कडेचे भाजले असतील की गं मस्त," तो म्हणाला. "चल, चल लवकर. मधलं बघायच्या आत कडेचं दाखव त्यांना."

आम्ही पोचेपर्यंत मेकॅनिकने दार ओढलं होतं. सगळे एकदम पुढे झाले. मधली रांग, माझी लाडकी निवडक रांग, राखेसारखी करडी, चकाकीचा पत्ता नाही. झिलई वितळलीच नव्हती धड. साचेवाल्याच्या तोंडून "अरे देवा" निघालं. छोट्या बाईंनी टेबलाचा कोपरा धरला. मॅडमनी भुवया वर केल्या आणि अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "हे असं...?" आणि मी ओरडले. लाज, शरम, काही नाही. "मधलं नका बघू! कडेला बघा, कडेला! कोपऱ्यात बघा ना!" मी त्यांना अक्षरशः बाजूला सारलं, आत हात घातला, भिंतीलगतचा एक कप ओढला. हात भाजला, सोडला नाही. बाहेर आणला, खिडकीच्या उजेडात आला, आणि... काय सांगू! तोच! खोल, शांत, काठाशी किंचित दाट, तोच, तोच, तोच! मॅडम म्हणाल्या, "पण हा फुटका आहे." "फुटका आम्हीच निवडून ठेवलाय!" मी म्हणाले. आणि मग ढाल म्हणजे काय, जुनी भट्टी कशी, नवी कशी, कडेला काय, मधे काय, हे सगळं मी एका दमात, उलटसुलट, हातवारे करून सांगितलं. शेवटी म्हणाले, "गाढवपणा माझा, रंगाचा नव्हे. पुढच्या वेळी उलटं भरीन आणि जास्त वेळ मुरू देईन. इतकं सोपं आहे!" कुणीतरी फिसकन हसलं. मेकॅनिकने मान हलवून "बरोबर आहे, जमेल," म्हटलं, आणि पहिल्यांदाच मला तो बरा माणूस वाटला.

मॅडमनी आपला नमुन्याचा कप उचलला, माझ्या फुटक्या कपाशेजारी धरला. खिडकीशी गेल्या, परत आल्या. "मला सारखाच वाटतोय," म्हणाल्या, "पण मी काय, वर्षातून चारदा बघते. हा रंग रोज कोण बघायचं?" उत्तर द्यायची गरजच पडली नाही, सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. मी मात्र वळले नाही, मला त्याच्याकडे बघवेना. नाही म्हणाला तर कारखाना जाणार आणि हो म्हणाला तर तो जाणार, आणि छातीत मेली ती धडधड अजून आनंदाचीच होती, तिला काही कळतच नव्हतं. हो म्हण, हो म्हण, हो म्हण, असं माझं आतून चाललेलं. स्वतःच्या भावाच्या बाबतीत! दादा पुढे आला. एका हातात त्याचा कप, दुसऱ्या हातात माझा. दारातल्या उन्हात जाऊन उभा राहिला. आत फिरवला, बाहेर फिरवला, काठ डोळ्यांशी नेला, बुडाकडून बघितलं. किती वेळ लावला! साचेवाला माझ्या कानाशी पुटपुटला, "अगं, श्वास घे, पडशील."

दादा वळला. "मॅडम," तो म्हणाला, "या कपाचा हा टवका उडालेला नसता ना, तर यातला माझा कुठला, ते मला सांगता आलं नसतं."

मग मॅडम म्हणाल्या, "झालं तर मग. नीट भरून द्या, काम तुमच्याकडेच राहील," आणि छोट्या बाई मटकन खुर्चीत बसल्या. आणि मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात आधी मीच. विचार न करता, दोन्ही हात वर करून, शाळकरी पोरीसारख्या, त्या भाजलेल्या हातासकट. मागून सगळ्यांनी उचललं, साचेवाल्याने साच्यावर ताल धरला, कुणीतरी शिट्टी मारली. तेवढ्यात गर्दीतून मला दादा दिसला. अजून दारातच उभा, ऊन पाठीवर. या महिन्याचे उरलेले दिवस, मग तो मोकळा. हे त्याला आता ठाऊक होतं, आणि मी ते टाळ्या वाजवून सांगितलं होतं. माझे हात हवेतच थांबले.

त्याने ते बघितलं. तसाच चालत आला, माझ्यासमोर उभा राहिला.

"थांबलीस का?" तो म्हणाला. "वाजव की."

त्याने दोन्ही हात किंचित वर केले, एकात त्याचा कप आणि एकात माझा. "बघ ना," म्हणाला, "माझे दोन्ही हात अडकलेत. नाहीतर मीच वाजवल्या असत्या."

मग मी वाजवल्या. दोघांच्या वाटच्या.